पॅकेजचे अर्थकारण आणि रुग्णालयांचे सल्लागार

आरोग्य धोरणाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या घोषणेपाशी, खाटांच्या संख्येपाशी किंवा योजनेच्या नावापाशी येऊन थांबते; परंतु कोणत्या रुग्णाला खाट मिळेल, तो किती दिवस राहील आणि त्याच्यावर नेमका कोणता उपचार होईल, हे बऱ्याच अंशी ठरते ते पैसे देणारा रुग्णालयाला कोणत्या हिशेबाने पैसे देतो यावरून. हा हिशेब ढोबळमानाने तीन प्रकारे मांडता येतो: केलेल्या प्रत्येक तपासणीचे आणि दिलेल्या प्रत्येक सलाइनचे वेगळे बिल, किंवा रुग्ण खाटेवर असलेल्या प्रत्येक दिवसासाठी ठरावीक रक्कम, किंवा संपूर्ण आजारपणासाठी मिळून एकच रक्कम, जिला आपल्याकडे सर्रास पॅकेज म्हटले जाते. पहिल्या पद्धतीत तपासण्या वाढतात, दुसरीत मुक्काम लांबतो आणि तिसरीत रुग्ण लवकर घरी जातो. डॉक्टरांची नीयत तीच राहूनही पद्धत बदलली की रुग्णालयाचे वागणे बदलते, आणि हे बदल आगाऊ ओळखून रुग्णालयाला त्यानुसार उभे करणे हाच आरोग्य धोरण सल्लागार नावाच्या व्यवसायाचा गाभा आहे.

या सल्लागाराची कामे बाहेरून फार विखुरलेली दिसतात. सरकारी योजनेत रुग्णालय अंगीकृत करून घेण्याची कागदपत्रे, गुणवत्ता मानांकनाची तयारी, शस्त्रक्रियांच्या प्रत्यक्ष खर्चाची मोजदाद, विमा कंपन्यांशी दरांची बोलणी, नव्या कायद्याचा मसुदा आला की त्याचा रुग्णालयाच्या ताळेबंदावर होणारा परिणाम सांगणे, ही सारी त्यात येतात. पण त्यांना जोडणारा धागा एकच आहे, तो म्हणजे सरकारने लिहिलेला नियम आणि रुग्णालयाच्या तिजोरीत पडणारा पैसा यांच्यामधले अंतर वाचता येणे. अडचण अशी की जो हे अंतर वाचू शकतो तो नियम लिहिण्याच्या कामीही उपयोगी पडतो, आणि म्हणून एकच व्यावसायिक वर्ग आज सरकारच्या टेबलाशी बसून दर ठरवण्यास मदत करतो, तर उद्या रुग्णालयाच्या टेबलाशी बसून त्याच दरातून जास्तीत जास्त रक्कम कशी मिळवावी हे शिकवतो. यात बेकायदा काही नाही. तरी या व्यवसायाविषयी लिहिताना ही दुहेरी बैठक नजरेआड करता येत नाही.

एकरकमी दराची आधुनिक कहाणी अमेरिकेत घडली. 1965 मध्ये तेथे वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली, तेव्हा रुग्णालयाने केलेला वाजवी खर्च सरकारने भरून द्यावा असे तत्त्व होते. खर्च जितका जास्त तितकी भरपाई जास्त, अशा रचनेत काटकसर करणारे रुग्णालय मूर्ख ठरते, आणि खर्च त्याप्रमाणे वाढतही गेला. त्याच सुमारास येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर हे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक आणि जॉन थॉम्प्सन हे मूळचे परिचारक असलेले रुग्णालय प्रशासनाचे प्राध्यापक एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते: कारखान्यात तयार होणारा माल मोजता येतो, तसे रुग्णालयाचे उत्पादन कसे मोजायचे? त्यांनी निदान, शस्त्रक्रिया, वय आणि सोबतचे अन्य आजार यांच्या आधारे रुग्णांचे असे गट पाडले की एका गटातील रुग्णांना साधारण सारखीच साधनसामग्री लागावी. हे निदानाधारित गट, म्हणजेच डीआरजी, मुळात रुग्णालयाच्या अंतर्गत कामाचा दर्जा तपासण्यासाठी होते. त्यांच्यावर पैसे वाटले जातील ही कल्पना नंतर आली. न्यू जर्सी राज्याने 1980 पासून त्यांचा दरासाठी प्रयोग केला आणि 1983 च्या कायद्याने संपूर्ण मेडिकेअरने ती पद्धत स्वीकारली.

परिणाम अपेक्षेपेक्षा वेगाने दिसले. गटाची रक्कम आधीच ठरलेली असल्याने प्रत्येक जादा दिवस रुग्णालयाच्या खिशातून जाऊ लागला आणि वृद्ध रुग्णांचा सरासरी मुक्काम झपाट्याने घटला. या बदलाचे मोजमाप करणाऱ्या रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही, मात्र प्रकृती पुरेशी स्थिरावण्याआधी घरी पाठवलेल्या रुग्णांचा हिस्सा वाढल्याचे आढळले. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म होता. गट ठरतो तो निदानाच्या संकेतांकावरून, आणि तोच न्यूमोनिया साधा म्हणून नोंदवला तर एक रक्कम व गुंतागुंतीचा म्हणून नोंदवला तर बरीच मोठी रक्कम मिळत असल्याने, रुग्ण तसाच राहूनही कागदावर अधिक आजारी होऊ लागला. 1981 मध्येच, म्हणजे पद्धत देशभर लागू होण्यापूर्वी, डोनाल्ड सिमबोर्ग या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नोंदींच्या या वरच्या गटाकडे सरकण्याला नाव देऊन इशारा दिला होता. कागदावर आजार वाढवण्याच्या या प्रकाराला आज तेथील रुग्णालयांच्या बोलीत अपकोडिंग म्हणतात.

येथेच सल्लागारांचे युग सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही. संकेतांक लिहिणारे प्रशिक्षित कोडर, डॉक्टरांना टिपण कसे लिहावे ते सुचवणारे दस्तऐवज-तज्ज्ञ, थकीत दाव्यांची वसुली करणाऱ्या संस्था, आणि वसूल झालेल्या रकमेच्या टक्केवारीवर मेहनताना घेण्याची पद्धत, असा मोठा बाजार त्या एका कायद्याच्या आसऱ्याने उभा राहिला. या कामातला बराचसा भाग प्रामाणिक आहे, कारण डॉक्टर घाईत अर्धवट टिपण लिहितात आणि हक्काचे पैसे बुडतात हेही तितकेच खरे असते. पण योग्य नोंद आणि फुगवलेली नोंद यांच्यामधली रेषा किती पातळ आहे, हे एचसीए या बलाढ्य रुग्णालय साखळीने 2000 ते 2003 या काळात संकेतांक फुगवण्यासह अनेक आरोपांच्या तडजोडीपोटी अमेरिकी सरकारला सुमारे 170 कोटी डॉलर भरले, तेव्हा जगाला दिसले.

भारतात पॅकेज आले ते या वाटेने नव्हे, तर गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनांमधून. 2007 मध्ये आंध्र प्रदेशात आरोग्यश्री, 2008 मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, 2 जुलै 2012 रोजी महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, 2013 च्या नोव्हेंबरपासून तिचा राज्यभर विस्तार, 2017 मध्ये तिचे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर, 2018 च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात दोहोंची एकत्रित अंमलबजावणी, असा हा क्रम आहे. राज्याच्या योजनेत वर्षाला प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांचे असलेले संरक्षण पुढे पाच लाखांवर गेले आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली योजना पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही खुली झाली. येथे दर निदानाला नसून शस्त्रक्रियेला किंवा उपचाराला असतो, हा अमेरिकी रचनेपेक्षा मूलभूत फरक आहे, आणि त्याचे परिणामही वेगळे आहेत.

जेथे शस्त्रक्रियेला पैसे मिळतात आणि औषधोपचाराला नाममात्र, तेथे शस्त्रक्रिया वाढतात. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात छत्तीसगड, बिहार आणि राजस्थानात तरुण स्त्रियांची गर्भाशये अनावश्यकपणे काढली गेल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 2023 मध्ये न्यायालयाने राज्यांना देखरेखीचे निर्देश दिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. त्याची मुळे मुकादमाची उचल, खाड्याचा दंड आणि पाळीच्या दिवसांतली मजुरी यांत अधिक खोल गेलेली होती, म्हणून दोन्ही प्रकरणांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. तरीही दोहोंत समान असलेली गोष्ट अशी की पोटदुखी घेऊन आलेल्या बाईला औषध देऊन थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरला त्या सल्ल्याचे जवळजवळ काहीच मिळत नाही.

पॅकेजची यंत्रणा प्रत्यक्ष कशी चालते, ते हृदयाच्या एका धमनीत स्टेंट बसवण्याच्या प्रकरणावरून पाहता येईल. रुग्ण शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या कक्षापाशी येतो. आरोग्यमित्र हा रुग्णालयाचा नोकर नसून योजनेच्या वतीने रुग्णाची नोंदणी करणारा माणूस असतो. त्यानंतर रुग्णालयाने नेमलेला वैद्यकीय समन्वयक, ज्याला सगळे मेडको म्हणूनच ओळखतात, ईसीजी आणि अँजिओग्राफीची चित्रे संगणकावर चढवून पूर्वसंमती मागतो. तातडीच्या रुग्णासाठी ती दूरध्वनीवरूनही घेता येते. उपचार झाल्यावर स्टेंट बसवल्यानंतरची चित्रे, स्टेंटच्या वेष्टनावरील बारकोडचा स्टिकर, डिस्चार्ज कार्ड आणि रुग्णाला प्रवासखर्च दिल्याची पावती जोडून दावा पाठवला जातो, आणि घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांतील तपासणी व औषधेही त्याच रकमेत धरलेली असतात. स्टिकर हरवला, चित्रावर रुग्णाचे नाव नसले किंवा रुग्णाची माहिती शिधापत्रिकेच्या नोंदीशी जुळली नाही की क्वेरी निघते, क्वेरीचे उत्तर मुदतीत गेले नाही की दावा फेटाळला जातो, आणि तोपर्यंत स्टेंट तर रुग्णाच्या छातीत असतोच.

तालुक्याच्या ठिकाणी पन्नास खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला सल्लागार लागतो तो येथे. कोणत्या पॅकेजचे दावे वारंवार अडकतात, मानांकन मिळाले तर दरात किती वाढ होते, आयुष्मान भारतमध्ये प्राथमिक मानांकनाला दहा टक्के आणि पूर्ण मानांकनाला पंधरा टक्के जादा मिळतात ते पदरात पाडायला किती महिने लागतील, केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांसाठीची वेगळी दहा टक्के वाढ आपल्याला लागू आहे का, हे त्यांना सांगणारा दुसरा कोणी नसतो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे महाराष्ट्रातील आकांक्षित जिल्हे आहेत, आणि तेथे ही वाढ तज्ज्ञ डॉक्टर टिकून राहतील की नाही याच्याशी थेट निगडित आहे. अशा ठिकाणी सल्लागाराचे काम उपयुक्तच म्हटले पाहिजे. तक्रार आहे ती प्रमाणाची: दावा कसा मंजूर होईल हे सांगणारे पुष्कळ, जंतुसंसर्ग कसा कमी होईल हे सांगणारे थोडे, कारण पहिल्याचा मोबदला महिनाअखेरीस दिसतो आणि दुसऱ्याचा दिसत नाही.

दर ठरवताना काय वगळले, हे दर किती ठेवला याच्याइतकेच महत्त्वाचे असते, याचा धडा महाराष्ट्राने करोनाकाळात घेतला. 21 मे 2020 च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटा आपल्या दराखाली आणल्या आणि विलगीकरणाच्या साध्या कक्षासाठी दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागासाठी 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये अशी कमाल मर्यादा घातली. परंतु संरक्षक पोशाख, महागडी औषधे आणि सीटी स्कॅनसारख्या तपासण्या या मर्यादेबाहेर होत्या, आणि बिले फुगली ती नेमकी त्याच रकान्यांत. एका परिचारिकेने एका पाळीत वापरलेला पोशाख कक्षातील किती रुग्णांच्या बिलात लावायचा, या प्रश्नावर महापालिकांच्या लेखापरीक्षकांना बसावे लागले. 2017 मध्ये औषधलेपित स्टेंटची किंमत राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने 29,600 रुपयांवर आणली, तेव्हाही पुष्कळ ठिकाणी एकूण बिल त्या प्रमाणात उतरले नाही, कारण फुग्याची एक बाजू दाबली की दुसरी फुगते. त्या दाबाचे गणित आधी मांडू शकणारी माणसे सरकारकडे असती तर आदेशाची भाषा वेगळी झाली असती.

धर्मादाय रुग्णालयांचे प्रकरण तर खास महाराष्ट्राचे आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, 2006 पासून लागू असलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि इतर सर्व रुग्णांच्या बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी या वेगळ्या खात्यात जमा करायची असते. निर्धन रुग्णाची खाट, शुश्रूषा आणि डॉक्टरांचे शुल्क पूर्ण मोफत, तर औषधे व साहित्य खरेदीच्या किमतीने निधीतून, अशी वाटणी आहे. कागदावर ही रचना सुबक आहे. व्यवहारात निधी संपल्याचे कारण सांगून रुग्ण परत पाठवले जातात ही तक्रार जुनी आहे, आणि निधी किती लवकर संपतो हे रुग्णाच्या नावे कोणत्या बाबी कोणत्या किमतीने मांडल्या यावर अवलंबून असते. ते मांडणे हे निव्वळ हिशेबाचे काम आहे, आणि ते तपासण्याची जबाबदारी असलेल्या धर्मादाय आयुक्तालयाकडे मंदिरांपासून शिक्षणसंस्थांपर्यंत असंख्य न्यासांचा भार असताना रुग्णालयाच्या बिलातील प्रत्येक ओळ वाचणारे वैद्यकीय हिशेबनीस असावेत, अशी अपेक्षा कायद्याने केली खरी, पण त्यांची सोय केली नाही.

सरकारनेच सल्लागार विकत घ्यावेत हा यावरचा उपाय सहज सुचतो आणि तो जगभर करून पाहिला गेला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची 1974 ची पुनर्रचना मॅकिन्झी या सल्लागार संस्थेच्या सहभागाने झाली आणि थरांवर थर चढवल्याबद्दल ती लवकरच टीकेची धनी झाली. पुढे अभ्यासक इयान कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील 120 रुग्णालय-न्यासांच्या चार वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास केला, तेव्हा सल्लागारांवर अधिक खर्च करणाऱ्या न्यासांची कार्यक्षमता सरासरीने वाढण्याऐवजी घटल्याचे दिसले. यावरून सल्ला निरुपयोगी असतो असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अडचणीतली रुग्णालयेच सल्लागारांकडे अधिक धाव घेत असतील, ही शक्यता उरतेच. मात्र सल्ला घेणाऱ्याकडे तो पारखण्याची ताकद नसेल तर पैसे वाया जातात, एवढे त्यातून म्हणता येते.

थायलंडने दुसरा मार्ग धरला. 2002 मध्ये सर्व नागरिकांना आरोग्यसेवा देणारी योजना आणताना तेथे आंतररुग्णांसाठी डीआरजी स्वीकारले, परंतु वर्षभराच्या एकूण रकमेला वरून टोपण घातले, म्हणजे सर्व रुग्णालयांनी मिळून संकेतांक कितीही फुगवले तरी गटानुसार मिळणाऱ्या प्रत्येक गुणाची किंमत तेवढी कमी होते. आणि हे गणित करणारी माणसे त्यांनी घरीच घडवली. सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाच्या छत्राखाली धोरण-संशोधनाची संस्था उभी राहिली आणि 2007 पासून कोणते औषध व कोणते उपकरण योजनेत घ्यावे याचे मूल्यमापन करणारी हायटॅप ही संस्थाही. भारतात याची सुरुवात झालेली आहे. 2018 मध्ये आयुष्मान भारतच्या दरांचा पहिला मसुदा आला, तेव्हा सिझेरियनला 9,000 रुपये कसे पुरतील या प्रश्नावर डॉक्टरांच्या संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली, आणि त्या वादात कोणत्याच बाजूकडे देशभराचा मोजलेला खर्च नव्हता. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने अनेक राज्यांतील रुग्णालयांत उपचारांच्या प्रत्यक्ष खर्चाची पाहणी केल्यानंतर पुढच्या दरपत्रकांना तिचा आधार मिळाला. पुण्यातील राज्य आरोग्य प्रणाली संसाधन केंद्राकडे महाराष्ट्रापुरते असेच काम येऊ शकते, आणि ते यावे असा आग्रह धरायला जागा आहे. 2023 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आयुष्मान भारतमधील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असल्याचे उघड केले, तेव्हा साध्या मोजदादीची ही उणीव साऱ्या देशाला दिसली.

आता डीआरजी भारतात येऊ घातले आहेत. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने 2022 च्या दरपत्रकासोबत पाच राज्यांत त्यांचा पथदर्शी प्रयोग करण्याचे जाहीर केले, त्यांत छत्तीसगड, हरियाणा, केरळ आणि मेघालय यांच्याबरोबर महाराष्ट्र आहे. या बदलाचा सर्वाधिक फायदा खरे तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना व्हायला हवा, कारण मधुमेह, क्षय आणि मूत्रपिंडाचा विकार एकाच वेळी घेऊन आलेला, खासगीतून पैसे संपल्यावर पाठवलेला रुग्ण शेवटी तेथेच पोचतो, आणि शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये त्याच्या सोबतच्या आजारांना किंमत नाही, तर निदानाधारित गटात ती आहे. मात्र ती किंमत मिळते ती डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या आजारांची, न लिहिलेल्यांची नाही. आणि चोवीस तासांची ड्युटी करून उठलेला निवासी डॉक्टर ते कार्ड लिहितो तेव्हा मुख्य निदानाच्या खाली बाकीच्या तीन ओळी बहुधा कोऱ्या राहतात. खासगी रुग्णालयांकडे त्या ओळी भरून घेणारे सल्लागार आजच आहेत. सरकारी रुग्णालयांच्या वैद्यकीय अभिलेख विभागात प्रशिक्षित कोडरची पदे मंजूर करून, ती भरून, मगच राज्याने प्रयोगाचे आकडे वाचले नाहीत, तर सर्वांत आजारी रुग्ण सांभाळणारी रुग्णालये त्या आकड्यांत सर्वांत निरोगी रुग्णांची दिसतील आणि पुढचे दर त्याच आकड्यांवरून ठरतील.